फराळाचं ताट आणि उशीखालची खडीसाखर

"मॅडम, दिवाळीत स्वतःच्या पोराला लाडू नको म्हणणारी आई मी एकटीच आहे का हो?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशनाच्या खोलीत, दरवर्षी येतो, कधी आई घेऊन येते, कधी आजी. मुलाचे दात किडलेत, डॉक्टरांनी गोड कमी करा म्हणून सांगितलंय, घरात सण आलाय आणि गोड देणारे हात आपल्याच माणसांचे आहेत. नाही म्हणावं तर माणसं दुखावतात, हो म्हणावं तर लेकराचे हाल. या घराची गोष्ट त्यांना विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

जुन्या पेठेतलं घर, एका छताखाली तीन पिढ्या. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री मुलाचा गाल सुजला. तेव्हा तो पाच वर्षांचा. ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना सुट्टीमुळे बंद. आजीनं दाढेत लवंग धरायला दिली, बापानं गाडी काढली आणि परत लावली. आई दोन रात्री त्याला मांडीवर घेऊन बसली. पुढं दुधाच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, वर स्टीलची टोपी बसली. पोर सगळं विसरलं. आईच्या अंगातून मात्र त्या दोन रात्री गेल्या नव्हत्या. म्हणून यंदा तिनं आधीच जाहीर केलं, घरात गोडाचा डबा उघडायचा नाही. सासूबाईंना ती आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "मग फराळच करत न्हाई." आणि खरंच चकलीची भाजणी गिरणीत गेली नाही. आठ दिवस दोघींचं बोलणं नवऱ्याच्या मार्फत चाललं होतं.

"आणि हे बघा," म्हणून तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. खडीसाखर. मुलाच्या उशीच्या अभ्र्यात सापडली होती. रात्री खोकला येतो म्हणून आजी झोपताना एक खडा तोंडात धरायला देत होत्या. आईला कळू नये म्हणून पुडी उशीत.

तिला वाटत होतं, मी आत्यांना बोलावून चार शब्द सुनवीन. मी तिला एक वही करायला सांगितली. आठवडाभर, मुलाच्या तोंडात पाण्याखेरीज जे जे जाईल त्याची वेळ लिहायची. काय आणि किती याची फिकीर नको, फक्त वेळ आणि देणारा हात.

पुढच्या भेटीत वही आली. एका दिवसात 11 वेळा. सकाळी चॉकलेटची पावडर घातलेलं दूध आणि बिस्किट, रिक्षावाल्या काकांची गोळी, छोट्या सुट्टीत क्रीमचं बिस्किट, आल्या आल्या सरबत, गूळ-शेंगदाणे, मोबाईल बघताना कुरमुरे, असं करत करत शेवटी खडीसाखर. 11 पैकी आजींच्या हातून तीन वेळा, बाहेरून दोन. उरलेल्या सहा वेळा तिच्याच हातून.

तिनं वही मिटून मांडीवर पालथी ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग डोळे पुसत म्हणाली, "हे आत्यांना दाखवायचं का?" मी नको म्हटलं. असा हिशोब घरात उघडला की सगळे साक्षीदार होतात, आईबाप कुणी उरत नाही. आणि सहाच्या सहा वेळा तिनं मायेनंच दिलं होतं, जसं आजीनं तीन वेळा.

वेळा मोजायला का सांगितल्या, तेही सांगते. मी दंतवैद्य नाही. पण असे इतके पालक येतात की एका बालदंतवैद्यांकडे बसून मी हे समजून घेतलं. दातांवर जो चिकट थर बसतो त्यातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल करतात. तोंडातला सामू (pH, आम्लता मोजायचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण 5.5 च्या खाली उतरला की दाताच्या कवचातून खनिजं सुटायला लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते आणि खनिजं परत भरते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणजे मुलानं ताटावर बसून दोन लाडू एकदम खाल्ले तर दातावर एकच हल्ला होतो. तेच दोन लाडू दिवसभर येता-जाता तुकडे मोडून खाल्ले तर आठ हल्ले, आणि लाळेला सावरायला सवडच नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून झोपताना तोंडात विरघळणारा खडीसाखरेचा एक खडा दिवसभरातल्या लाडवापेक्षा वाईट.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या संस्थेतल्या प्रयोगात, 1945 नंतरच्या काही वर्षांत. जेवणासोबत साखर दिलेल्यांच्या दातांना थोडी इजा झाली, मधल्या वेळी चिकट टॉफी दिलेल्यांचे दात मात्र झपाट्यानं किडले. ती सगळी बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे ज्ञान आपल्यापर्यंत त्यांच्या दातांची किंमत देऊन आलं आहे. ते वापरताना मला त्यांची आठवण ठेवावीशी वाटते.

आजी तिसऱ्या भेटीला आल्या. पदर घट्ट खोचलेला, बसल्या त्याही खुर्चीच्या कडेवर. "मी काय पोराला इख घालालोय व्हय, बाई?"

मी म्हटलं, "आजी, मला तुमच्या आईचा फराळ सांगा."

त्या जरा गोंधळल्या, मग खुलल्या. माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं, घरचा ऊस, गावात गुऱ्हाळ. काहिलीतला गरम गूळ, काकवी, सगळं आलं. "एवढं गोड खाल्लो, पर लहानपणी दात कुणाचा दुखला न्हाई." मग फराळावर आल्या. आई पितळी डबे वरच्या फळीवर ठेवायची. पोरांचा हात पोचायचा नाही.

"मग खायला मिळायचं कधी?"

"पहाटं उटणं लावून अंघोळ झाली, कारीट फोडलं, देवाला दाखवलं की सगळ्यांची ताटं. सगळं असायचं ताटात. पोटभर खायाचं."

"आणि दुपारी?"

"दुपारी कुठलं? डबा वर गेला की गेला. दुसऱ्या दिवशी परत ताट."

मला जे सांगायचं होतं ते त्यांच्या आईनं साठ वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. मी तसंच बोलले त्यांच्याशी. तुमच्या नातवाच्या दातांना लाडवानं जेवढं मारलं नाही तेवढं टेबलावरच्या उघड्या डब्यानं मारलं. आजी खुर्चीत मागं टेकल्या. म्हणाल्या, "हे माझ्या सुनंला कुणी सांगितलं न्हाई का?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा की."

आजींच्या दोन समजुती मात्र मला खोडाव्या लागल्या. एक, गुळानं दात किडत नाहीत. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, मलाही त्याचा अभिमान आहे, पण गुळात बहुतांश साखरच असते आणि तो दाताला चिकटून बसतो. जिवाणूंना रंगानं फरक पडत नाही. दुसरी, दुधाचेच दात, पडायचेच आहेत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. चावायला लागतात आणि खालून येणाऱ्या दाताची जागा राखायलाही लागतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागं कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कुणाला कळत नाही, आणि दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती जन्मभराची असते. या मुलाची तीच दाढ हिरडीतून डोकावत होती.

एक गोष्ट सून बोलली नव्हती, आजीच बोलल्या. त्या मिश्री लावतात. सकाळी आणि दुपारी. नातू शेजारी बसून रिकामं बोट दातांवर फिरवतो, आजीसारखं. "त्याच्या बोटाला कधी लागू देत न्हाई मी," त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. आपल्याकडच्या किती बायका दात घासायचं म्हणून ती लावतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत. मी त्यांना रागावले नाही. तंबाखू सोडायला मदत करणारा राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत नंबर 1800-11-2356 लिहून दिला आणि स्वतःचं तोंड एकदा दंतवैद्यांना दाखवायला सांगितलं.

मुलाशी मी वेगळी बसले. दिवाळीत सगळ्यात काय आवडतं, म्हणून विचारलं. मला वाटलं, लाडू म्हणेल. म्हणाला, "करंजीला कातणं फिरवायला." मग किल्ला, मग पाडव्याला बाबांच्या खांद्यावर बसून सजवलेल्या म्हशी बघायला जाणं, शिंगं रंगवलेल्या. खाण्याचं नाव चौथ्या नंबरला आलं, तेही चिवडा. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हसली, बऱ्याच दिवसांनी हसली असावी. फराळ बंद केला असता तर पोराची दिवाळी गोडामुळे नाही, त्या कातण्यामुळे बुडाली असती.

मग दोघींना एकत्र बसवलं. ठरवायचं काम त्यांनीच केलं, मी मधूनमधून एखादा शब्द टाकला. फराळ होणार, सगळा होणार. डबे वरच्या फळीवर, ताबा आजींचा. ताट दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, सगळे बसतील तेव्हा. लक्ष्मीपूजनाचे बत्तासेही ताटात. चिवडा आणि शंकरपाळीही त्याच ताटात, कारण पिठाचं खाणंही दाढेच्या खाचेत अडकून किडीला खाऊ घालतं. खाऊन झालं की खळखळून चूळ. मधे भूक लागली तर शेंगदाणे, काकडी, फळ, दूध बिनसाखरेचं. टोपीच्या बाजूनं चिक्की, टॉफी नको. खडीसाखर बंद, खोकला डॉक्टरांना दाखवायचा. दूध पावडरीची आणि क्रीमच्या बिस्किटांची जबाबदारी आईनं स्वतःहून घेतली. वही न दाखवता.

पाहुण्यांकडचा प्रश्न खरा अवघड होता. आपल्याकडं दिवाळीत चार घरं फिरायची आणि प्रत्येक घरात बशी पुढं येणार. नाही म्हटलं की 'शहाणी झाली' हे सुनेच्या वाट्याला. मी सुचवलं, हे वाक्य सुनेनं बोलायचंच नाही. आजी बोलतील: "पुडी बांधून दे, उद्याच्या ताटात घालतो." आजींच्या तोंडून गेलेला शब्द कुणाला लागत नाही. ज्या घरांत हा तंटा माझ्याकडं येतो तिथं मी आधी हेच विचारते, की नकार कुणाच्या तोंडून गेला तर तो राग न होता रीत होईल?

रात्रीचा ब्रश आजीसोबत. फ्लोराइडची पेस्ट, डब्यावर 1000 पीपीएम किंवा जास्त लिहिलेली, सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. आधी तो घासेल, मग मोठं माणूस मागच्या दाढांवरून हात फिरवेल, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तिथं नीट पोचत नाही. फेस थुंकायचा, पाण्यानं धुऊन काढायचा नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. आणि दिवाळीच्या आधीच तपासणी. तरीही गाल सुजलाच, सोबत ताप आला, तर सण संपायची वाट बघत लवंग धरून बसायचं नाही. मोठ्या रुग्णालयांचा तातडीचा विभाग दिवाळीतही चालू असतो. सूज डोळ्याकडं चढली किंवा गिळताना त्रास होऊ लागला तर त्याच रात्री निघायचं.

दिवाळीनंतर दोघी आल्या, नातवाला घेऊन. सगळं ठरल्यासारखं झालं नव्हतं. भाऊबीजेला नणंदेनं चॉकलेटचा डबा आणला आणि पोरानं गच्चीत बसून अर्धा संपवला. दोन रात्री ब्रश राहिला. आजींची मिश्री सुटलेली नाही, दुपारची तेवढी बंद झाली आहे, आणि नातू शेजारी असताना लावत नाहीत. पण आजी आधी स्वतः दंतवैद्यांच्या खुर्चीत बसल्या, नातवाला भीती वाटू नये म्हणून, आणि त्याच्या नव्या दाढेच्या खाचा डॉक्टरांनी सीलंटनं, म्हणजे कीड शिरू नये म्हणून लावायच्या पातळ लेपानं, भरून घेतल्या.

आईनं मला नरक चतुर्दशीच्या सकाळचं सांगितलं. ताट संपलं, पोरानं आणखी एक लाडू मागितला. ती नको म्हणणार, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "आता न्हाई सोन्या. सांजच्या ताटात." एवढंच. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली, कारण वर्षभरात पहिल्यांदाच 'नाही' तिला एकटीला म्हणावं लागलं नव्हतं.

निघताना आजी दारात थांबल्या. "संक्रांतीला येतो मी, बाई. तुमची तिळगुळाची पुडी वेगळी बांधतो." चप्पल घालता घालता पुन्हा वळल्या. "जेवणाबरोबर खावा बरं. मधी न्हाई."