वाचकांचे प्रश्न : कोरियातल्या राजांच्या टेकड्या

प्रश्न (चोपडा) : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. ऑक्टोबरात मुलीकडे सोलला जातोय. तिथल्या जुन्या राजांच्या समाध्या पाहायला दोनच दिवस मिळतील. काय पाहावं?

उत्तर : एक दिवस ग्योंगजूला द्या, दुसरा सोलमध्येच. ग्योंगजू ही सिल्ला राजांची राजधानी. सोलहून केटीएक्स या वेगवान गाडीने सुमारे दोन तास लागतात, पण स्टेशन गावाबाहेर आहे. पुढे बसचा अर्धा तास जाताना धरतात, येताना विसरतात, आणि परतीची गाडी चुकते. चुसॉक सणाच्या आसपास जाऊ नका, गाड्या भरलेल्या असतात. हा सण भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास येतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी कालनिर्णय बघून घ्या.

देरुंगवॉन या समाध्यांच्या टेकड्या असलेल्या बागेत प्रवेश मोफत आहे. आतल्या चॉनमाचोंग या टेकडीला मात्र ३,००० वॉनचं तिकीट लागतं, आणि सुरुवात तिथूनच करा. बाहेरून सगळ्या टेकड्या सारख्याच हिरव्या दिसतात. या एकीच्या पोटात शिरता येतं, आणि एकदा आतली रचना पाहिली की बाकीच्यांकडे बघायची नजर येते. १९७३ साली ही टेकडी खोदली ती शेजारच्या मोठ्या टेकडीची रंगीत तालीम म्हणून, आणि निघाल्या ११ हजारांवर वस्तू. त्यातला घोड्याच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून खोगिराखाली लोंबणारा पट्टा चुकवू नका. तो भूर्जाच्या सालीचा आहे, आणि त्यावर धावता पांढरा घोडा रंगवलाय. मूळ वस्तू ग्योंगजूच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतात, टेकडीत दिसतात त्या प्रतिकृती.

मग ती मोठी जोडटेकडी, ह्वांगनामदेचोंग. लांबी १२० मीटर, उंची सुमारे २३. दक्षिणेला पुरुष, उत्तरेला स्त्री. सोन्याचा मुकुट निघाला तो बाईच्या बाजूला. पुरुषाचा मुकुट ब्राँझवर सोन्याचा मुलामा दिलेला. असं का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी सोलमधलं सल्लुंग, म्हणजे नंतरच्या जोसॉन राजांची थडगी. मेट्रोची दोन नंबरची लाइन, स्टेशनचं नावही तेच. सोमवारी बंद. तांबड्या कमानीतून आत गेलं की दगडी वाट दोन पातळ्यांची दिसेल : उंच भाग मृतात्म्याचा, खालचा राजाचा. आपण खालूनच चालायचं. १५९२ साली सुरू झालेल्या युद्धात जपानी सैन्याने ही थडगी उकरली, हे ध्यानात ठेवून वरच्या दगडी पहारेकऱ्यांकडे पाहा.

प्रश्न (चाळीसगाव) : या टेकड्या म्हणजे आपल्या गिरणाकाठच्या पांढरीसारख्याच का?

उत्तर : नाही, दोन्हींची घडण अगदी वेगळी आहे. पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाचं टेकाड, चढते ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिल्याने. पडक्या भिंतींची माती, चुलीतली राख, खापरं. कड ढासळली की आडवे थर उघडे पडतात. सिल्लाची टेकडी एका मरणासाठी, एका वेळी रचलेली. लाकडी खोलीत शवपेटी, खोलीभोवती आणि वर माणसाच्या डोक्याएवढे नदीतले गोटे, पाणी मुरू नये म्हणून त्यांवर चिकणमातीचा थर, आणि मग भराव. लाकूड कुजलं की गोटे आत कोसळतात, त्यामुळे काही टेकड्यांचा माथा बसलेला दिसतो. चोरही याच गोट्यांनी अडवले. मुळात आत जायला वाटच ठेवलेली नव्हती, आणि एक गोटा ओढला की वरचे घरंगळत येतात.

सिल्लाच्या शेजारच्या बेक्जे राज्यातल्या राजांनी मात्र दगडी खोल्यांना वाट ठेवली आणि त्या बहुतेक लुटल्या गेल्या. गोंगजूचा (हे ग्योंगजू नव्हे) मुर्योंग राजा तेवढा वाचला. त्याची विटांची खोली १९७१ मध्ये शेजारच्या थडग्यात झिरपणारं पाणी वळवायला चर खोदताना सापडली, तीही न फोडलेली. आता आत सोडत नाहीत, प्रतिकृती पाहायला मिळते.

तुलनाच करायची तर बहाळच्या पांढरीऐवजी नदीपलीकडच्या टेकवाड्याशी करा. तिथल्या उत्खननात पुरलेली माणसं आणि त्यांच्यासोबत ठेवलेली मडकी निघाली होती.

प्रश्न (भुसावळ) : टेकडीवर चढून फोटो काढता येतो का?

उत्तर : नाही, तो गुन्हा आहे. माती धरून ठेवते ती हिरवळ. पायवाट पडली की पुढच्या पावसात तिथेच घळ होते. फोटो खालूनच काढा, उन्हं कलल्यावर. टेकड्यांचे उतार तेव्हाच उठून दिसतात.

प्रश्न (शिरपूर) : गिम्हेची राणी अयोध्येची होती म्हणतात. खरं का?

उत्तर : तेराव्या शतकातल्या ‘साम्गुक युसा’ या ग्रंथात हो ह्वांग-ओक ही राणी समुद्रमार्गे ‘आयुता’ देशातून आली, अशी कथा आहे. आयुता म्हणजे अयोध्या, हे सिद्ध झालेलं नाही. श्रद्धेने जायला हरकत नाही, इतिहास म्हणून मात्र छातीठोकपणे सांगू नका. बुसानहून गिम्हेच्या हलक्या रेल्वेने राणीचा नवरा सुरो राजा, त्याच्या समाधीच्या स्टेशनावर उतरा. राणीची समाधी तिथून थोडी उत्तरेला आहे. २०२३ मध्ये जागतिक वारशात गेली ती गाया या जुन्या कोरियन राज्याची दफनभूमी या दोन्हींहून वेगळी, देसोंग-दोंगची. तीही तिथून जवळच आहे आणि सोबत संग्रहालय आहे. त्यासाठी तासभर जास्तीचा काढाच.