धुळ्याच्या दादांना: रिमोटच्या गाडीला थ्रीएस बॅटरी आत्ताच लावू नका

दादा, पोरगं ११ वर्षांचं, १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी) ब्रशलेस मोटरची रिमोटची गाडी टूएस, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीसोबत आलीय आणि आता थ्रीएस, म्हणजे तीन सेलची लावून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळवायची म्हणताय, तर पहिले पार्किंगचंच बोलतो. नको.

टूएस म्हणजे ७.४ व्होल्ट, थ्रीएस ११.१, त्याच मोटरला दीडपट. या गाड्या थ्रीएसवर ६० चा स्पीड सहज गाठतात, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर, पोराच्या लक्षात येऊन बोट ट्रिगरवरून उठेपर्यंत गाडी पार्किंगच्या पार त्या टोकाला अन् तिकडून कोणाची तरी आजी जिना उतरत असते. दोन-अडीच किलोची गाडी आहे ती, घोट्यावर बसली तर हाड मोडेल. त्यात नवीन पोरांचं ठरलेलं, गाडी आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, मग गडबडतात आणि ब्रेकऐवजी ट्रिगर अजून दाबतात. ते हातात बसेपर्यंत टूएसच, आणि रिमोटवर थ्रॉटल लिमिट, म्हणजे ट्रिगर पूर्ण दाबला तरी वेग मर्यादेत ठेवायची सोय असेल तर तेही अर्ध्यावर आणा.

शाळेचं ग्राउंड रविवारी सकाळी रिकामं असतं, तिथे न्या. बघायला आलेली पोरं चालवणाऱ्याच्या मागे उभी राहतील, गाडीमागे पळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. गावाकडे शिवारात नेली अन् बैलगाडी येताना दिसली की गाडी जागेवर थांबवायची, बैल बुजला तर खेळ महागात पडेल भो.

निघण्याआधी फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबायची सोय, बघाच. गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवा, चारी चाकं हवेत, हलका थ्रॉटल द्या आणि तसाच धरून रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली तर ठीक, फिरतच राहिली तर मॅन्युअल बघून फेलसेफ न्यूट्रलला सेट केल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवायची नाही. रोज चालू करताना आधी रिमोट मग गाडी, बंद करताना आधी गाडी.

आता बॅटरी, इथे आपल्या खान्देशात जास्तच सांभाळावं लागतं कारण मे मध्ये पारा ४५ ला टेकतो. लायपो (ही लिथियम पॉलिमर बॅटरी) उन्हात उभ्या कारमध्ये किंवा बाइकच्या डिक्कीत ठेवायची नाही म्हणजे नाही. चालवून आणली की पूर्ण गार होऊ द्या, मगच चार्जिंग, बॅलन्स चार्जरवर (जो सगळे सेल सारखे भरतो), ५००० एमएएचला ५ अँपिअर बास. पलंगावर, सोफ्यावर नको, मातीच्या कुंडीत तळाला रेती टाकून त्यात ठेवा आणि समोर माणूस पाहिजे, रात्री लावून झोपणं तर विसराच. एक सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, ३.२ च्या खाली जाऊ देऊ नका, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर थांबवायची सेटिंग, लायपो मोडवर आहे का तेवढं बघा, काही गाड्या निकेल बॅटरीच्या मोडवर येतात. आठ-दहा दिवस चालवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ वर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, टोचून हवा काढणारे महाभाग पाहिलेत मी, तसलं काही करू नका, आग लागते.

पावसाळ्यात काळ्या मातीत नेऊ नका, चाकाला गोळे बसतात अन् मोटर तापते.

डब्यात चार्जर कोणता आलाय ते लिहा, यूएसबीवाला असेल तर थ्रीएसच्या पैशात आधी चांगला चार्जर घ्या.