दुरुस्त केलेली जुनी बेस गिटार विकताना

प्रश्न : वडिलांची 1966 सालची फेंडर प्रिसिजन बेस गिटार मी नव्याने रंगवून, पिकअपची (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाची) तार पुन्हा गुंडाळून आणि फ्रेट (मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलून घेतली. हे खरेदीदाराला सांगितल्यास किंमत घसरेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : होय, घसरेल; तरीही सांगावेच. संग्राहक मूळ रंगाला, तो कितीही झिजलेला असला तरी, नव्या रंगापेक्षा अधिक मोल देतात, कारण एकदा खरवडलेला रंग परत येत नाही. फ्रेट मात्र वाजवून झिजणारच, त्यामुळे चांगल्या कामावर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. काढलेले जुने भाग जपले असतील तर ते वाद्यासोबत द्यावेत.

साल सिद्ध करण्यासाठी गिटारची मान (नेक) जाणकाराकडूनच उतरवून तिच्या टाचेवरील, म्हणजे धडाला जोडलेल्या टोकावरील, शिक्क्याचे आणि पॉटवरील (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या सुट्या भागावरील) आकड्यांचे छायाचित्र घ्यावे. उदाहरणार्थ, 1376618 या आकड्यातील 137 हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत असून पुढचे अंक 1966 सालचा 18 वा आठवडा दर्शवतात. अर्थात ही तारीख पॉटची आहे, गिटारची नव्हे, आणि पॉट नंतर बदललेलेही असू शकते.

परदेशी ग्राहक मिळाल्यास आधी फिंगरबोर्डचे (मानेवर बोटे दाबतात त्या पट्टीचे) लाकूड तपासून घ्यावे. त्या काळच्या अनेक फेंडर वाद्यांत ब्राझिलियन रोझवुड आहे आणि 1992 पासून ते साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने परवान्याशिवाय पाठवलेले वाद्य सीमाशुल्क विभाग जप्त करू शकतो. वडिलांनी ही गिटार वाजवल्याची जुनी छायाचित्रे असतील, तर त्यांच्या प्रती अवश्य जोडाव्यात. मूळ छायाचित्रे स्वतःकडेच ठेवावीत.