जुळे सोलापुरात नवीन राहायला आलोय, फॅमिली डॉक्टर कसा निवडावा? पाटीवरच्या पदव्या कशा ओळखाव्यात?

आधी पाटीवर नोंदणी क्रमांक बघा. तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवरही असावा, असा 2002 चा नियमच आहे. एमबीबीएसवाल्यांचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतं; नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेही तपासा. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांच्या परिषदा वेगळ्या. फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी किंवा डीएनबी म्हणजे एमबीबीएसनंतर 3 वर्षं याच विषयाचं शिक्षण. ‘फॅमिली फिजिशियन’ मात्र कुणीही लिहितं!

बाकी, पहिल्यांदा साध्या सर्दीसाठीच जा. माझ्या आईला तेलुगूच नीट येतं. आमच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून एकेक पाकीट तेलुगूत विचारलं. दोन गोळ्या एकाच औषधाच्या निघाल्या. तिथंच ठरलं.