रापणीतला माझा वाटा

प्रश्न आहे : कॉलेजच्या दिवसांतला असा कोणता शनिवार-रविवार तुमच्या लक्षात राहिलाय, ज्यात बरंच काही आयुष्यात पहिल्यांदाच घडलं?

माझ्यासाठी तो डिसेंबर २०१८ मधला, मालवणचा.

मी लातूरचा. कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. माझा रूममेट मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा, गाबीत या मच्छीमार समाजातला. सबमिशन संपलं त्या शुक्रवारी तो म्हणाला, "चल माझ्या घरी." दुपारची एसटी, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, आणि मालवणात पोचेपर्यंत अंधार. त्या रात्री समुद्र दिसलाच नाही. नुसता ऐकू येत होता, आणि बराच वेळ मी त्या आवाजाला माडांतला वारा समजत होतो.

शनिवारी पहाटे मित्रानं हलवून उठवलं. "ऊठ, रापण टाकतत."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. दोरीचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात राहतं. होडी जाळं सोडत सोडत पाण्यात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे माणसं रांगेनं उभी राहतात आणि ओढायला लागतात. यंत्र नाही, इंजिन नाही. मी फोटो काढत उभा होतो, तेवढ्यात एक म्हातारे रापणकर ओरडले, "बघतस काय झिला, धर दोरी!"

धरली. गळ्यात तुळशीची माळ होती, ती आधी शर्टाच्या आत सरकवली. आमचं घर माळकरी, मासे आमच्याकडे शिजत नाहीत, आणि मी मासे धरायच्या दोरीला हात घालतोय हे वडिलांना कसं वाटेल, हा विचार क्षणभर येऊन गेला. पण पुढचा माणूस मागे रेटत होता, मागचा ओढत होता. मधल्या माणसानं विचार करत उभं राहायला तिथं जागाच नसते.

ओढायचं म्हणजे हातांनी ओढायचं असा माझा समज होता. तसं दहा मिनिटंसुद्धा जमत नाही. दोरी कमरेला घ्यायची, टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे टाकायचं आणि सगळ्यांनी एकदम एक पाऊल मागे यायचं. रांगेच्या शेवटी पोचला की दोरी सोडायची, पळत पाण्याकडे जायचं आणि पुन्हा पुढून धरायची. शेजारच्या काकांनी माझ्या कोपराला हात लावून दाखवलं, हात सैल ठेव, जोर पायांचा लाव. तासाभरात ते थोडं थोडं कळायला लागलं. ओल्या दोरीला वाळू चिकटलेली असते, ती तळहात सोलते. सव्वादोन तास ओढत होतो.

दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात तसा किनाऱ्यावरचा आवाज बदलतो. बोलणं थांबतं. मग जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात आला आणि पाणी अक्षरशः उसळायला लागलं. बांगडे होते, थोड्या तारल्या, काही खेकडे. जाळं वाळूवर घेतल्यावर जो आवाज झाला तो मी आजही ओळखीन : पत्र्याच्या छपरावर वळीव कोसळतो, तसा. जिवंत बांगडा किती देखणा असतो हे मला माहीत नव्हतं. पाठीवर मोरपंखी हिरवा-निळा रंग, त्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या गडद रेषा. बघता बघता तो रंग मावळतो आणि उरतो तो बाजारात दिसणारा करडा मासा. माझ्या पोटात कालवलं, हेही खरं सांगतो.

टोपल्या घेऊन बायका आल्या, लिलाव झाला, वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, रापणकरांचे वाटे आणि ज्यानं ज्यानं दोरीला हात लावला त्यालाही थोडे मासे. मी बाजूला जाऊन बसलो होतो. मघाचेच म्हातारे आले आणि पंधरा-वीस बांगडे माझ्यासमोर वाळूवर ठेवले. "ह्यो तुझो वाटो." मी म्हटलं, मी खात नाही. ते म्हणाले, "खाव नको. पण वाटो तुझो."

आयुष्यातली ती माझी पहिली कमाई. त्याआधी घरचे पैसे, स्कॉलरशिप, बक्षिसं मिळाली होती. कष्टाचा मोबदला म्हणून हातात काही पडलं ते तिथं.

मित्राच्या आजीकडे वाटा दिला. तिनं तो चुलीपाशी बाजूला ठेवला आणि माझ्यासाठी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, वर गारेगार सोलकढी. मालवण म्हणजे फक्त मासे असं समजणाऱ्या शाकाहारी माणसानं एकदा तिथल्या घरी जेवावं.

रापणीबद्दल एक सांगायलाच हवं. म्हातारे म्हणत होते की पूर्वी ओढायला चाळीस माणसं सहज मिळायची आणि जाळं भरून यायचं. पर्ससीनच्या, म्हणजे माशांभोवती प्रचंड जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या बोटी खोल पाण्यात अख्खा थवाच उचलतात, किनाऱ्यापर्यंत मासा येतो कुठं? ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले, ते पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर. दोरी हातात धरल्यानंतर मला ही बातमी परकी राहिली नाही.

रात्री एका गावच्या जत्रेला गेलो. पालखी झाल्यावर मध्यरात्रीनंतर देवळासमोर दशावतार सुरू झाला. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर. त्यानंतर मूळ आख्यान. पायपेटी, मृदंग, झांज, आणि राजाचं सिंहासन म्हणजे एक साधं बाकडं. मी मागच्या बाजूला डोकावलो तर एक नट पेटाऱ्यावर बसून, हातातल्या आरशात बघत स्वतःचं तोंड रंगवत होता. तो राणी होणार होता. संकासुराचं काम करणाऱ्यानं जाता जाता मला विचारलं, खयचो? मी सांगितलं, लातूरचा.

पाच मिनिटांत रंगमंचावरून संकासुर म्हणाला, "आज लातुरासून पावणो इलो हा!" आणि तिथून त्यानं दुष्काळ, पाणी, सरकार असं जे काही गुंफत नेलं, की सगळं देऊळ हसत होतं आणि माझ्याकडे वळून बघत होतं. तेव्हा मित्रानं सांगितलं की हे संवाद कुठं लिहिलेलेच नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं ज्याचं त्याचं. उजाडताना दहीकाला झाला. रात्रभर मी एकदाही पेंगलो नाही.

रविवारी होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर महाराजांनी बांधलेला हा जलदुर्ग, तटबंदीच्या आत जवळजवळ ४८ एकर. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहिला, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवाजी महाराजांचं मंदिर पाहिलं. पण मी खिळलो तो साखरबावीपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव : चारी बाजूंना खारं पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझी अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तो सगळा उन्हाळा मी टँकरच्या रांगेत घागरी लावून काढला. त्यामुळे त्या विहिरीत वाकून बघताना मला काय वाटलं ते कोल्हापूरच्या मित्रांना कधी नीट सांगता आलं नाही. किल्ल्यात राहणाऱ्या एक काकू पाणी भरत होत्या. त्यांनी न विचारता माझी बाटली भरून दिली.

ती मी उघडली नाही. सुट्टीला घरी नेली. तळहातावरची सोललेली कातडी तोवर सुकली होती. वडिलांना रापणीचं, वाट्याचं सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, माझा हात उलटा-सुलटा करून बघितला. मग बाटली घेतली, उभ्यानंच एक घोट प्यायले, आणि आईला हाक मारली, "अगं, ये इकडं. गोडंय की हे."