फॅटी लिव्हर असेल तर चहा बंद करावा का?

चहा बंद करायची गरज नाही, त्यातली साखर बंद करा. चहा पावडरीने लिव्हरवर चरबी चढत नाही, पण आपल्याकडे कपात दोन चमचे साखर सहज पडते म्हणजे साधारण ८ ग्रॅम, चार कप झाले की ३२ ग्रॅम, आणि साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं ते बरंचसं लिव्हरमध्येच जातं आणि जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. सोबतची खारी-बिस्किटं वेगळीच. गुळाचा चहा केला तरी हिशोब तोच, त्यात फसू नका. बिनसाखरेचे दोन-तीन कप खुशाल घ्या. फक्त ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका प्लीज, त्यातलं ईजीसीजी (ग्रीन टीतला एक घटक) दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर रक्तातले लिव्हर एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय.