अण्णांना एम-थ्रीचं सांगायचं कसं?

«ताई, मी सोलापूर जिल्ह्यातली. दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा केला, ८६ टक्के पडले. मग पुण्यात डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. बाकी सगळे विषय निघाले, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, निघत नाही. तीनदा दिला. २२, ३१, ३६. तिसरं वर्ष पास झाले, पण दुसऱ्या वर्षाचा विषय राहिला म्हणून शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्ष गेलं. घरी कुणालाच माहीत नाही. अण्णा रोज सकाळी फोन करतात, 'निघालीस का कॉलेजला?' मी 'हो' म्हणते. आमची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली तेव्हा अण्णांनी आख्खी बाग काढून पुन्हा लावली, आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. त्यांना काय सांगू? आत्यानं माझा बायोडाटा फिरवलाय, त्यात 'बी. ई. सिव्हिल, शेवटचं वर्ष' असं लिहिलंय. खरं कळलं तर शिक्षण बंद करून लग्न लावतील. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. डिग्री सोडून देऊ का? तुमची, वायडीवाली.»

अगं, आत्याच्या ज्या बायोडाट्याची तुला धास्ती वाटते, त्यात निदान तुझं नाव तरी आहे. इथं सहीच्या जागी तू 'वायडीवाली' लिहिलंस.

एक वाक्य तू घाईघाईत लिहून पुढं गेलीस, मी तिथंच थांबले. 'सकाळी जागच येऊ नये.' हे वरचेवर वाटत असेल, किंवा त्याच्या पुढचं काही मनात येत असेल, तर माझं उत्तर वाचून संपायची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि खोलीवरच्या एकीला तरी आज रात्री सांग, की मला एकटीला बसवत नाहीये. एम-थ्री त्यानंतर.

आता ते तीन आकडे. तीन वेळा एकाच खड्ड्यात पडल्यासारखे तू ते लिहिलेस. मी ते पुन्हा वाचले. २२, ३१, ३६. पासिंगला ४० लागतात. चौदा मार्क वाढवलेस, चार राहिलेत. गणित येत नाही म्हणणाऱ्या मुलीनं ही वजाबाकी केलेली दिसत नाही.

तुला हा विषय जड का जातो, तेही तुझ्याच पत्रात आहे. थेट दुसऱ्या वर्षाला आलीस, म्हणजे डिग्रीचं पहिलं वर्ष तू पाहिलंच नाहीस. तुझ्या शेजारची पोरं अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस आणि त्यावर एम-वन, एम-टू करून त्या वर्गात बसली होती. तू डिप्लोमाच्या गणितावर बसलीस. सर 'हे तर तुम्हाला येतंच' म्हणून जी पायरी गाळतात, तिथं तुझा अख्खा जिनाच नसतो. डिप्लोमाची पोरं सर्व्हेला लेव्हल लावण्यात पुढं, ड्रॉइंगमध्ये पुढं, काँक्रीटच्या प्रॅक्टिकलला तर इतरांना शिकवतात, आणि एम-थ्रीला येऊन आपटतात. मी हे इतकी वर्षं बघतेय, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे ढ.

म्हणून आधी शेवटच्या पेपरची छायाप्रत मागव. मुदत गेली असेल तर पुढच्या वेळी नक्की. मार्क वाढतील या आशेनं नको, पेन कुठल्या ओळीवर अडतं ते बघायला. माझी पैज आहे, निम्म्या ठिकाणी रीत बरोबर असेल आणि इंटिग्रेशन चुकलेलं असेल. तसं असेल तर पहिला महिना एम-थ्रीचं पुस्तक उघडू नकोस. पहिल्या वर्षाच्या एखाद्या पोरीची वही घे आणि नुसतं इंटिग्रेशन कर: बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पण ती बघत बसण्यापेक्षा वही भरणं जास्त उपयोगाचं. लायब्ररीत वाचून गणित येत नाही, हे तुला तीन प्रयत्नांत कळलंच असेल.

पण खरं सांगू, एम-थ्री तुझ्या पत्रात फार थोडा आहे. पत्रभर अण्णा आहेत.

माझं सांगते. नव्वदच्या दशकात मी सिव्हिललाच होते, वर्गात आम्ही चार मुली. तिसऱ्या वर्षाला माझा स्ट्रक्चर्सचा विषय दोनदा राहिला. घरी मी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. 'राखून ठेवलाय' ही फार सोयीची थाप होती, चार-सहा महिने सहज निघायचे. वडिलांना खरं काय ते रेशनच्या रांगेत कळलं, शेजारच्या काकांकडून. त्यांचा मुलगा माझ्याच कॉलेजात होता. वडील घरी आले, पिशवी ठेवली, म्हणाले, 'रॉकेल संपलं होतं.' मग आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, नापास झाले म्हणून. नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाले, 'नापासाचं काही नव्हतं गं. त्या माणसासमोर मला "हो, माहितीये मला" असं म्हणावं लागलं.'

आत्याच्या त्या कागदामुळं अण्णांवर हीच वेळ येणार आहे, तीही स्थळाकडच्या चार माणसांसमोर. तिथं 'शेवटचं वर्ष' हे शब्द अण्णांच्या तोंडून जातील. एक विषय राहिला तर अण्णा सोसतील असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. हे सोसतील का, मला शंका आहे. तेव्हा त्यांना सांगायचं, आणि बाहेरून कळायच्या आत.

फोनवर सांगू नकोस. घरी जा. शेताला रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात जा. अण्णा मोटर चालू करायला निघाले की बॅटरी धरून बरोबर चल. अंधारात तोंड दिसत नाही, दोघांनाही बरं पडतं. तिथं फिरवून फिरवून बोलू नकोस. 'अण्णा, माझा एक बहार गेला. मी तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं.' एवढं म्हण आणि गप्प राहा. तेल्यानं बाग काढून टाकलेल्या माणसाला वर्ष वाया जाणं म्हणजे काय, ते समजावून सांगायला लागत नाही. मृग बहार गेला की हस्त धरतात, तो गेला तर आंबे बहार. शेतकरी 'का गेला' एकदाच विचारतो. त्याचा दुसरा प्रश्न 'आता काय करणार?' असतो, आणि त्याचं उत्तर तुझ्या खिशात कागदावर लिहिलेलं पाहिजे: परीक्षा कधी, फी किती, खोलीचं भाडं कुठून.

भाड्याचा प्रश्न तुझा तूच सोडवू शकतेस. वायडीच्या वर्षात लेक्चर नसतं. तू ८६ टक्क्यांची डिप्लोमाधारक आहेस, ऑटोकॅड येतं, क्वांटिटी काढता येते. एखाद्या आरसीसी कन्सल्टंटकडं अर्धा दिवस ड्रॉइंग आणि बीबीएसचं, म्हणजे सळ्यांच्या मापांच्या यादीचं, काम माग. पगार फार नसेल, पण भाड्याला हातभार लागेल, आणि रोज सकाळी अण्णांना 'निघाले' म्हणताना खोटं बोलावं लागणार नाही.

राहिलं लग्न. अण्णा ऐकतीलच अशी खात्री मी देत नाही, मी त्यांना ओळखत नाही. म्हणून एकटी जाऊ नकोस. पॉलिटेक्निकच्या कुणा सरांचा किंवा मॅडमचा शब्द घरी चालत असेल, तर आदल्या दिवशी त्यांना फोन करून सगळं सांग, आणि नंतर अण्णांशी एकदा बोला म्हणून विनंती कर. मागणं मोजकं ठेव: दोन परीक्षा होईपर्यंत स्थळ नको आणि बायोडाटा आज दुरुस्त. आत्या कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि एवढं करूनही कुणी जबरदस्ती करायला लागलं तर लक्षात ठेव, तू सज्ञान आहेस आणि तुझा डिप्लोमा कुणी परत घेऊ शकत नाही.

डिग्री सोडू का, असं विचारलंस. सोडता येते. सोडणारे सगळे रडत बसत नाहीत. सिव्हिलच्या डिप्लोमावर कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला बसता येतं, जिल्हा परिषदेत, जलसंपदा खात्यात, आणि त्या खुर्चीवर बसून लोकांनी चांगली घरं बांधलीत, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. पण आत्ता सोडलीस तर तू डिग्री सोडलीस की अण्णांच्या फोनला घाबरून पळालीस, हे तुझं तुलाच कधी कळणार नाही. आधी त्यांना सांग. मग चार मार्कांचं काय करायचं ते ठरव. कनिष्ठ अभियंत्याची तयारी आणि एम-थ्री एकाच वर्षात बसतात. गेट ही एम. टेक.ची प्रवेश परीक्षाही देता येते, तिसऱ्या वर्षापासून बसू देतात, आणि तिच्यात १०० पैकी १३ मार्क इंजिनिअरिंगच्या गणिताचेच असतात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या लाइव्ह बॅकलॉगवाल्यांना, म्हणजे विषय अजून राहिलेल्यांना, दारातूनच परत पाठवतात, ते मी नाकारत नाही. विषय एकदा निघाला की पुष्कळ दारं पुन्हा उघडतात, सगळी उघडत नाहीत.

मला डिग्रीनं काय दिलं? पहिली काही वर्षं वाटायचं, काहीच नाही. पगार माझ्याहून आधी साइटवर लागलेल्या डिप्लोमावाल्यांना जास्त होता. मग एकदा स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी बाल्कनीचं स्टील तपासायला गेले. मुख्य सळ्या खाली बांधलेल्या. कँटिलिव्हरला त्या वर लागतात. मिस्त्री म्हणाला, मॅडम, वीस वर्षं असंच करतोय. मी पट्टी टेबलाच्या कडेला धरून टोक दाबून दाखवलं, वरची बाजू ताणली जाते ती. स्लॅब एक दिवस पुढं ढकलला, ठेकेदारानं शिव्या घातल्या. आता, हे डिप्लोमावाल्यालाही माहीत असतं, तुलाही आहे. पण पुढं त्याच इमारतीत असा एक बीम आला, ज्याचं सूत्र कुठल्याच पुस्तकाच्या कोष्टकात नव्हतं. तेव्हा मी बसून सूत्र काढलं. ज्या विषयात मी दोनदा नापास झाले होते, त्याच विषयाच्या जोरावर. त्या रात्री मी वडिलांना फोन केला होता, उगीचच.

आता तुझ्यासाठी काम. डिप्लोमाला तू पाठ केलं असशील: सिम्पली सपोर्टेड बीम, पूर्ण लांबीवर सारखा भार, मधलं डिफ्लेक्शन, म्हणजे बीमचा झोल, ५/३८४ गुणिले दर मीटरचा भार गुणिले लांबीचा चौथा घात, भागिले ईआय, म्हणजे बीमचा ताठपणा. ते ५/३८४ आलं कुठून, असं तुला कुणी सांगितलं नसेल. भारापासून सुरू कर आणि चार वेळा इंटिग्रेट कर. शिअर, मोमेंट, स्लोप, डिफ्लेक्शन. चार स्थिरांक येतील. ते काढायला चार गोष्टी तुझ्याकडं आहेत: दोन्ही टोकांना डिफ्लेक्शन शून्य, दोन्ही टोकांना मोमेंट शून्य. हाच तुझा एम-थ्रीचा पहिला धडा आहे, फक्त पुस्तकात त्याला बीम म्हणत नाहीत. जमलं तर दोन्ही टोकं फिक्स्ड धरून पुन्हा कर. तिथं मोमेंटऐवजी स्लोप शून्य असतो, आणि उत्तर १/३८४ यायला हवं.

गावाला जायच्या आधी करून बघ. नाही जमलं तर कागदाचा फोटो पाठव, कुठल्या ओळीत घसरलीस ते सांगते. आणि या वेळी खाली तुझं नाव लिही.